चार सदने, चार नावे

कोणत्याही संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात जमाखर्च मांडला जातो, इमारतींची छायाचित्रे छापली जातात, दिवंगत विश्वस्तांचे स्मरण केले जाते. ते योग्यच आहे. परंतु संस्थेच्या मालमत्तेत काही गोष्टी अशाही असतात की ज्यांची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. आपल्या शाळेच्या चार सदनांची नावे ही अशीच एक मालमत्ता आहे. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने या विषयावर लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापड व्यापारी आहे. क्रीडामहोत्सवासाठी लागणारे लाल, निळे, हिरवे आणि पिवळे कापड वर्षानुवर्षे माझ्या दुकानातून जाते, एवढाच या सदनांशी माझा व्यावहारिक संबंध. तथापि कापड मोजून देताना त्यावर कोणाचे नाव लिहिले जाणार आहे याची जिज्ञासा मला नेहमीच वाटत आली, आणि त्या जिज्ञासेतून जे वाचले, ऐकले, पाहिले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

लिहिण्यास आणखी एक निमित्त घडले. महोत्सवाच्या तयारीच्या बैठकांत एक सूचना पुढे आली आहे. नव्या इमारतीसाठी मोठ्या देणग्या देणाऱ्या चार कुटुंबांची नावे यापुढे चार सदनांना द्यावीत, अशी ती सूचना आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू कृतज्ञतेचा आहे यात शंका नाही. निर्णय विश्वस्त मंडळ करील. परंतु जी नावे बदलण्याचा विचार आहे ती कोणाची आहेत आणि ती एकत्र का आली, हे समाजबांधवांसमोर एकदा नीट मांडले जावे, असे मला मनापासून वाटते.

'हाऊस' या शब्दाचा उगम

आपण 'सदन' म्हणतो, मुले सरळ 'हाऊस' म्हणतात. शाहू हाऊस, लठ्ठे हाऊस, भाऊराव हाऊस, केळवकर हाऊस. आजच्या मुलाला हाऊस म्हणजे खेळाचा गट एवढेच ठाऊक असते. मुळात हा शब्द अक्षरशः घर या अर्थाचाच होता. इंग्लंडमधील ईटन, हॅरो, रग्बी यांसारख्या जुन्या निवासी शाळांत मुले निरनिराळ्या घरांत राहत. प्रत्येक घराचा एक प्रमुख शिक्षक असे. जेवण, अभ्यास, शिस्त, आजारपण हे सर्व त्या घरातच पाहिले जाई. मग या घराचा संघ त्या घराच्या संघाशी खेळू लागला, आणि घराचा अभिमान ही शिक्षणाचीच एक बाब ठरली. पुढे ज्या शाळांत कोणी राहतच नव्हते अशा दिवसाच्या शाळांनीही ही पद्धत उचलली. घर गेले, नाव राहिले.

आपल्या देशात ही पद्धत प्रथम संस्थानिकांच्या मुलांसाठी काढलेल्या शाळांतून आली. राजकोटचे राजकुमार कॉलेज १८७० साली सुरू झाले. अजमेरच्या मेयो कॉलेजात घरांना संस्थानांची नावे होती. जयपूरचा राजपुत्र जयपूरच्या घरात राहावा, असा तो विचार. १९३५ साली डेहराडूनला निघालेल्या दून स्कूलमध्ये हैदराबाद, काश्मीर, जयपूर आणि टाटा अशी घरे झाली. ज्यांनी द्रव्यसाहाय्य केले त्यांची ती नावे. म्हणजे देणगीदाराचे नाव घराला देण्याची प्रथाही या देशात जुनीच आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९८६ नंतर जिल्ह्याजिल्ह्यांत निघालेल्या नवोदय विद्यालयांनी अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशी पर्वतांची नावे घेतली. केंद्रीय विद्यालयांत शिवाजी, टागोर, अशोक, रमण अशी अवघ्या देशाला पूज्य असलेली नावे सर्वत्र आढळतात.

या सर्व पद्धती आपापल्या जागी ठीक आहेत. मात्र निलगिरी हे नाव नंदुरबारच्या मुलाला आणि आसामच्या मुलाला सारखेच दूरचे. आपल्या शाळेने जी चार नावे निवडली त्यांचे वैशिष्ट्य असे, की ती याच करवीर नगरीच्या मातीतील आहेत. आणि दुसरे, अधिक महत्त्वाचे वैशिष्ट्य असे, की या चारही व्यक्तींचा संबंध एका खऱ्याखुऱ्या 'घरा'शी, म्हणजे परगावच्या विद्यार्थ्याने राहण्याच्या, शिकण्याच्या वा आजारपणात आसरा घेण्याच्या जागेशी आहे. हा योगायोग असेल, किंवा नावे निवडणाऱ्या आपल्या पूर्वसूरींची दृष्टी असेल. मला दुसरी शक्यता अधिक पटते.

वसतिगृहांची नगरी

राजर्षी शाहू महाराजांचे बालपणीचे शिक्षण ज्या राजकोटच्या राजकुमार कॉलेजात झाले, ते कॉलेज इंग्रजी निवासी शाळांच्या धर्तीवरचेच होते. भावनगरचे भावसिंहजी यांच्याशी त्यांचा आयुष्यभराचा स्नेह तेथेच जुळला. एका छपराखाली राहिल्याने माणूस माणसाला कसा जवळचा होतो, हे महाराजांनी लहानपणी अनुभवले होते. २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार हाती आल्यावर त्यांच्या लक्षात आले, की खेड्यातील मुलाला शाळेची दारे उघडी करून भागत नाही. कोल्हापुरात त्याला राहायला जागा कोण देणार, आणि भाकर कोण घालणार?

प्रारंभी १८९६ साली राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींसाठी एक वसतिगृह काढण्यात आले. थोड्याच वर्षांत तेथे एकाच जातीचे विद्यार्थी उरले. त्या काळचे सोवळे-ओवळे, पंगतीचे भेद असे होते की सर्वांसाठी उघडलेले दार प्रत्यक्षात एकासाठीच उघडे राहिले. तेव्हा महाराजांनी व्यवहारी मार्ग स्वीकारला. प्रत्येक समाजाने आपापल्या मुलांचे वसतिगृह काढावे आणि संस्थानाने त्यास जागा व अनुदान देऊन साहाय्य करावे. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच वर्षी आपल्या समाजाचे दिगंबर जैन बोर्डिंग निघाले. १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, १९०७ साली वीरशैव लिंगायत, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि नंतर शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, ख्रिस्ती अशा समाजांची वसतिगृहे उभी राहिली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. आजही दसरा चौकात उभे राहिले असता, मध्ये महाराजांचा पुतळा आणि सभोवती या जुन्या वसतिगृहांच्या वास्तू दिसतात. इंग्लंडमधील शाळेत एकेक घर होते. येथे एक अवघे शहरच शाळा झाले आणि समाजासमाजाची घरे त्यात उभी राहिली.

शाहू सदनाच्या विद्यार्थ्याने एवढे तरी जाणावे. २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकरीतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा जाहीरनामा निघाला, तेव्हा महाराज सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणानिमित्त इंग्लंडमध्ये होते. १९०६ साली त्यांनी शाहू मिलची स्थापना केली. आम्हा कापडवाल्यांच्या तोंडी ते नाव अजून आहे. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला. १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाचा जाहीर गौरव केला. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पूर्ण झालेली नव्हती.

लठ्ठे आणि आपले बोर्डिंग

अण्णासाहेब बाबाजी लठ्ठे यांचा जन्म १८७८ सालचा, कुरुंदवाडचा. एम.ए., एलएल.बी. झालेला जैन तरुण त्या काळी विरळाच. ३ एप्रिल १८९९ रोजी निपाणीजवळ स्तवनिधी क्षेत्री दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. हीच पुढे दक्षिण भारत जैन सभा झाली. सभेच्या कार्याला आकार देणाऱ्या पहिल्या पिढीत लठ्ठे अग्रभागी होते. शेती करणाऱ्या, कर्जात बुडालेल्या, अक्षरओळख नसलेल्या आपल्या समाजाला शिक्षणाखेरीज तरणोपाय नाही, ही त्यांची धारणा होती. कोल्हापूरच्या बोर्डिंगमागे हीच धारणा उभी होती. त्यांनी जैन धर्माचा परिचय करून देणारे इंग्रजी पुस्तक १९०५ साली लिहिले. राजाराम कॉलेजात ते इंग्रजीचे प्राध्यापक होते. पुढे राजाराम महाराजांच्या काळात ते कोल्हापूर संस्थानचे दिवाण झाले, आणि १९३७ साली बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात मुंबई प्रांताचे अर्थमंत्री. १९५० साली ते निवर्तले.

अशा पुरुषाचे नाव आपल्या शाळेत असावे हे कोणासही पटेल. पण त्या नावाशेजारीच भाऊरावांचे नाव असावे, यात खरी मौज आहे.

भाऊराव: एका स्नानाची गोष्ट

कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. बाहुबलीच्या दर्शनाला आपल्यापैकी सर्वचजण जातात. वाटेवरचे कुंभोज हे त्यांचे जन्मगाव आहे, हे मात्र गाडीतील मुलांना क्वचितच सांगितले जाते. भाऊराव शिक्षणासाठी कोल्हापुरात आले आणि आपल्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. अभ्यासात त्यांची गती बेताची, अंगात मात्र रग भारी.

त्यांच्या चरित्रांतून एक प्रसंग आढळतो. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर, अस्पृश्यांच्या कार्यक्रमाला जाऊन आलास, तेव्हा स्नान केल्यावाचून पंगतीला बसता येणार नाही, असे त्यांना बजावण्यात आले. भाऊरावांनी स्नानास नकार दिला. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्यानंतर शाहू महाराजांच्या आश्रयाने ते राहिले.

आपल्याच समाजाच्या वसतिगृहातील हा प्रसंग आपल्याच स्मरणिकेत लिहावा की नाही, असा प्रश्न काही ज्येष्ठांनी मला विचारला. लिहावा असेच मला वाटते. तो काळ तसा होता, आणि त्या काळच्या इतर वसतिगृहांतूनही याहून निराळे घडले असते असे नाही. परंतु ज्या मुलाला आपल्या घरातून बाहेर जावे लागले त्याच मुलाचे नाव आपण पुढे आपल्या शाळेच्या सदनाला दिले, यात समाजाचा कमीपणा नाही, मोठेपणा आहे. शब्दांनी कोणतीही क्षमायाचना न करता एका नावाने ती केली गेली आहे. दरवर्षी क्षमावाणीच्या दिवशी आपण जे मुखाने म्हणतो, ते येथे एका फलकावर लिहिले गेले आहे.

डांबर प्रकरण

शाहू, लठ्ठे आणि भाऊराव या तिघांची नावे एका ओळीत ठेवणे वाटते तितके सोपे नाही. १९१४ साली कोल्हापुरात एडवर्ड बादशहाच्या पुतळ्याला कोणी तरी डांबर फासले. इंग्रजांच्या दृष्टीने हा राजद्रोहच, आणि संस्थानावर त्याचा दाब येणे स्वाभाविक होते. त्या सुमारास महाराज आणि लठ्ठे यांच्यात दुरावा आला होता. संशयाची सुई लठ्ठे यांच्याकडे वळविण्यात आली. लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. कोठडी झाली, मारहाण झाली. भाऊरावांनी खोटी साक्ष दिली नाही. ज्या बोर्डिंगमधून आपल्याला जावे लागले त्या बोर्डिंगशी लठ्ठे यांचे नाव जोडलेले होते, आणि ज्या महाराजांनी आपल्याला आश्रय दिला त्यांच्याच संस्थानाचे अधिकारी समोर उभे होते. सूड उगविण्यास याहून चांगली संधी कोणती? आणि उपकार फेडण्यास याहून सोयीची वेळ कोणती? भाऊरावांनी यांपैकी काहीच केले नाही. जे खरे नव्हते ते बोलले नाहीत, इतकेच.

लठ्ठे कोल्हापूर सोडून बेळगावला गेले आणि तेथे वकिली करू लागले. भाऊराव सातारा भागात गेले. शिकवण्या केल्या, ओगल्यांच्या कंदिलांची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करीत गावोगाव हिंडले. त्या भटकंतीत खेड्यातील अज्ञानाचे जे दर्शन घडले, त्यातूनच ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेचा जन्म झाला.

आता १९२४ या सालाकडे वाचकांचे लक्ष वेधतो. महाराज जाऊन दोन वर्षे झाली होती. त्या वर्षी लठ्ठे यांनी लिहिलेले शाहू महाराजांचे विस्तृत इंग्रजी चरित्र दोन खंडांत प्रसिद्ध झाले. महाराजांचे ते पहिले मोठे चरित्र; त्यानंतरच्या प्रत्येक अभ्यासकाला त्याचा आधार घ्यावा लागला. आणि त्याच वर्षी भाऊरावांनी साताऱ्यास वसतिगृह उघडले. त्याला नाव दिले छत्रपती शाहू बोर्डिंग. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी तेथे आले आणि त्यांच्या हस्ते नामकरणाचा विधी झाला.

ज्या दोघांना शाहू महाराजांच्या राज्यात कटू दिवस पाहावे लागले, त्याच दोघांनी महाराजांची कीर्ती एकाच वर्षी उभी केली. एकाने ग्रंथाने, दुसऱ्याने वसतिगृहाने. पंचेचाळीस वर्षांच्या व्यापारात मी अनेक भागीदाऱ्या तुटताना पाहिल्या. तुटल्यानंतर दुसऱ्या भागीदाराने काय चांगले केले होते हे खातेवहीत लिहून ठेवणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली. झालेला अन्याय एका बाजूला आणि घडलेले उपकार दुसऱ्या बाजूला, दोन्ही नोंदी खऱ्या, एकीने दुसरी खोडायची नाही, असा चोख हिशेब या दोघांनी ठेवला.

भाऊरावांच्या साताऱ्याच्या वसतिगृहाचे आणखी एक वैशिष्ट्य होते. महाराजांनी जातीजातीची वसतिगृहे काढली ती त्या काळात दुसरा मार्ग नव्हता म्हणून. १८९६ साली जो प्रयोग कोल्हापुरात टिकला नाही तो भाऊरावांनी साताऱ्यात टिकवून दाखविला. महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एकत्र राहू लागली, स्वतः स्वयंपाक करू लागली आणि एका पंगतीत जेवू लागली. पंगतीत बसण्यापूर्वी स्नान करावयास नकार देणाऱ्या विद्यार्थ्याने पंगतच नवी मांडली. तिच्यासाठी धान्य कमी पडले तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, आणि अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. भाऊराव सदनाच्या मुलामुलींनी जयघोष करताना या माउलीचेही नाव घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

केळवकर: मायलेकींचे सदन

चौथे नाव अनेकांना अपरिचित आहे. माझ्या दुकानात आलेल्या एका पालकांनी हे कोणा देणगीदाराचे आडनाव असावे असा समज करून घेतला होता. रखमाबाई केळवकर या कोल्हापूर संस्थानातील स्त्रीशिक्षणाच्या आद्य कार्यकर्त्या. मुलींच्या शाळांवरील अधीक्षक मिस लिटल निवृत्त झाल्यावर शाहू महाराजांनी त्या जागी रखमाबाईंची नेमणूक केली. ज्या काळात मुलीने शाळेत जाणे हेच नवल, त्या काळात शाळांची देखरेख एका मराठी स्त्रीकडे सोपविली गेली. त्यांची कन्या कृष्णाबाई. महाराजांच्या साहाय्याने ती मुंबईस वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाली, आणि पुढील शिक्षणासाठी परदेशीही गेली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे ज्याला आज आपण सी.पी.आर. म्हणतो त्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी स्त्रियांची सेवा केली. पुरुष डॉक्टरपुढे जाण्यापेक्षा घरात मरण पत्करणाऱ्या स्त्रियांना त्यांच्यामुळे औषधोपचार मिळाला.

पहिल्या तीन नावांमागे वसतिगृह आहे, तर चौथ्यामागे मुलींची शाळा आणि रुग्णालय. घराबाहेर पडलेल्या मुलीला आणि आजारी बाईला आधार देणाऱ्या याही जागाच. शिवाय आई आणि मुलगी या दोघींना मिळून एक सदन असणे मला फार अर्थपूर्ण वाटते. आईने शाळेचे दार उघडले, मुलगी त्या दारातून किती दूर जाऊ शकते हे मुलीने दाखविले.

नावे बदलावीत काय?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. देणगीदारांविषयी माझ्या मनात आदर आहे. आपल्या समाजाची मंदिरे, धर्मशाळा, वसतिगृहे दातृत्वावर उभी आहेत. मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांच्यासारख्या श्रावकांनी गावोगावच्या वसतिगृहांना हात दिला नसता तर आपल्या आजोबांची पिढी शिकली नसती. देणगीदाराचे नाव सभागृहावर, ग्रंथालयावर, प्रयोगशाळेवर, पाणपोईवर अवश्य असावे. त्या नावाने पुढच्या दात्याला प्रेरणा मिळते.

पण सदनाचे नाव निराळ्या प्रकारचे असते. सभागृहाचे नाव मूल वाचते. सदनाचे नाव मूल धारण करते. 'मी शाहूचा', 'मी केळवकरची' असे ते म्हणते. धावताना, हरताना, जिंकताना त्याच्या छातीवर ते नाव असते. आमच्या जुन्या वहीखात्यात 'जमा' आणि 'नावे' अशा दोन बाजू असतात. जे मिळाले ते जमा, जे देणे लागते ते नावे. मुलाला नाव देणे म्हणजे त्याच्या खात्यावर काही तरी नावे टाकणेच आहे. शाहूंचे नाव घेणाऱ्या मुलाकडून समाज काही येणे धरतो. भाऊरावांचे नाव घेणाऱ्याने खोट्या साक्षीला नकार देण्याचे धैर्य दाखवावे, अशी अपेक्षा असते. आपल्या हयात देणगीदारांच्या नावाने मुलांकडून नेमके काय येणे धरावयाचे, याचा विचार स्वतः देणगीदारांनीच करावा. माझी खात्री आहे की त्यांच्यापैकी अनेकजण स्वतःच म्हणतील, आमचे नाव भिंतीवर पुरे, मुलांच्या छातीवर तीच जुनी चार नावे असू द्या.

व्यवहाराचीही एक बाजू आहे. ज्यांच्या आयुष्याचे खाते बंद होऊन दशके लोटली, ज्यांची चरित्रे लिहून झाली, ज्यांचे गुण आणि उणिवा दोन्ही उजेडात आल्या, त्यांचीच नावे निर्धास्तपणे मुलांना देता येतात. चालू खात्याची बाकी कोणी काढू नये.

मात्र नावे राखण्याचा आग्रह धरताना आपल्यावरही एक जबाबदारी येते. नाव फलकावर आहे आणि अर्थ कोणास ठाऊक नाही, अशी स्थिती असेल, तर नाव बदलले काय आणि राहिले काय, फरक पडत नाही. म्हणून विश्वस्त मंडळापुढे नम्र सूचना अशी, की प्रत्येक सदनाने वर्षातून एकदा आपल्या नावाच्या मूळ ठिकाणी जावे. शाहू सदनाने कसबा बावड्यातील लक्ष्मी विलास पॅलेस हे महाराजांचे जन्मस्थळ पाहावे. लठ्ठे सदनाने दसरा चौकातील जैन बोर्डिंगची वास्तू पाहावी. ती शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. भाऊराव सदनाने बाहुबलीच्या यात्रेत कुंभोजला थांबावे आणि जमल्यास साताऱ्यास रयतच्या मुख्यालयात जाऊन यावे. केळवकर सदनाच्या मुलींनी आणि मुलांनीही सी.पी.आर. रुग्णालयात फळे घेऊन जावे. खर्च फार नाही. बसचे भाडे आणि दोन शिक्षकांचा एक दिवस.

आणखी एक सूचना. वार्षिक ढाल कोणत्याही सदनाला मिळाली तरी ती उरलेल्या तीन सदनांच्या कप्तानांनी मिळून विजेत्याच्या हाती द्यावी. शाहू, लठ्ठे आणि भाऊराव यांनी परस्परांशी मतभेद केले, दुरावा सोसला, आणि तरीही एकमेकांचे मोठेपण नाकारले नाही. स्पर्धेचा याहून चांगला धडा कोणत्या पुस्तकात मिळणार? जिंकणारा बदलत राहील. चारही घरे एकाच शाळेची आहेत हे मुलांच्या डोळ्यांना दरवर्षी दिसत राहावे.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या संस्थेचा पाया घातला त्यांच्याजवळ द्रव्य थोडे होते. मोठ्या देणगीदाराचे नाव देऊन चार पैसे अधिक उभे करण्याचा मोह त्यांनाही झाला असेल. तरी त्यांच्या काळात सदनांना मिळालेली नावे एका राजाची, एका विद्वानाची, एका बंडखोर विद्यार्थ्याची आणि दोन शिकलेल्या स्त्रियांची आहेत. त्यांपैकी दोघे जैन, तिघे अन्य समाजांचे. जैन समाजाच्या शाळेने आपल्या घरांची दारे कोणाकोणासाठी उघडी ठेवली होती, याचा हा लेखी पुरावा आहे. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षात तो पुरावा आपण पुढच्या पन्नास वर्षांसाठी जसाच्या तसा सुपूर्द करावा, एवढीच विश्वस्त मंडळास आणि सर्व समाजबांधवांस हात जोडून प्रार्थना.

जय जिनेंद्र.